दातांत धरलेला पेचकस

“साठी उलटली बाईची, आणि गाडीखाली लोळत पडलीय. यजमान असते तर चाललं असतं का हे?”

शेजारच्या कुलकर्णीकाकू गेटाबाहेर कुणाला तरी हळूच म्हणाल्या. पुंडलिकनगरमधल्या आमच्या घराचा पोर्च गेटाला लागूनच आहे, त्यामुळे हळू बोललेलंही आत येतं. मी गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसले होते. आत्या गाडीखाली पाठीवर पडलेली होती आणि तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते. बाबांचे जुने बूट, आणि साडीच्या आत घातलेली तिच्या यजमानांची खाकी पँट. मी श्वास धरून थांबले. आता ती सरपटत बाहेर येणार आणि काकूंना असं काही सुनावणार, की त्या महिनाभर आमच्या घरावरून जायच्या नाहीत. आत्यानं कुणाचा टोमणा आजवर तसाच जाऊ दिलेला नव्हता.

गाडीखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला. “चौदाचा दे.”

मी चौदाचा पाना तिच्या तळहातावर ठेवला. काकूंची पावलं दूर गेली आणि आत्या खाली शांतपणे नट सोडवत राहिली. मला वाटलं, वय झालं तशी आत्या मऊ झाली. कारण वेगळंच होतं, पण ते कळायला मला अजून वेळ लागणार होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सुभद्रा. बाबा तिला अक्का म्हणत आणि पिशोरमध्ये लोक ‘इंजनवाली अक्का’ म्हणत. मामा, म्हणजे तिचे यजमान, फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. जमीन बटईनं देऊन माहेरी ये, असं सगळे सांगत होते. तेव्हा तिनं विहिरीवरचं डिझेल इंजिन स्वतः हँडल मारून चालू केलं आणि म्हणाली, “हे माझं ऐकतंय तवर मी कुणाचं ऐकणार नाय.” विहिरीच्या इंजिनावरून ती मामांच्या जुन्या डिझेल जीपवर आली. कुणाकडे शिकायला गेली नाही. बिघडवत बिघडवत शिकले, असं तीच सांगायची. “धा येळा बिघडवलं तवा एकदा नीट झालं. लोकं नीट झालेलंच तेवढं सांगत्यात.”

लहानपणी तिच्या एका सवयीची मला भीती वाटायची. चालू इंजिनाचं बॉनेट उघडून ती एका लांब पेचकसाचं टोक लोखंडाला टेकवायची आणि त्याची लाकडी मूठ दातांत धरायची. डोळे मिटलेले, कपाळावर एक आठी, आणि सगळं अंग इंजिनाबरोबर बारीक थरथरत असायचं. बाकीचे मिस्तरी तो दांडा कानाला लावतात, हे मी पुढे पाहिलं. आत्याचं म्हणणं होतं, “कान भवतालचं समदं गोळा करतो. दात लबाडी करत नाय.” तो पेचकस आता माझ्याकडे आहे. मुठीवर तिच्या दातांचे खळगे आहेत. तिला जाऊन हा पहिलाच हिवाळा.

तिचं आणि माझं जमावं असं खरं तर काही नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसले आणि गावी गेल्यावर मराठी चुकेल म्हणून. माझी नोकरी घरूनच, लॅपटॉपवर, आणि ज्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवता येतो ती मला आवडते. आत्या मला गोगलगाय म्हणायची. “ए गोगलगाय, शिंगं तरी भाईर काढ. तोंडात काय गूळ धरून बसलीस का?” मी हसायचे. हसणं हे माझं नेहमीचं उत्तर होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती पिशोरहून एकटी जीप चालवत आमच्याकडे निघाली. खुलताबादच्या घाटात इंजिन ठोके द्यायला लागलं, तरी तिनं गाडी तशीच पुढे रेटली. शहरात शिरता शिरता गाडीचं सगळं बळ गेलं आणि शेवटच्या टप्प्यात ती दोरीनं ओढून आणावी लागली. मागून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं बाबांना सांगितलं, की आवाज पार त्याच्या गाडीत ऐकू येत होता.

“एवढे ठोके पडत होते तर थांबली का नाहीस?” बाबांनी विचारलं.

“थांबून काय घाटात भाकरी थापायची होती?” आत्या म्हणाली आणि विषय संपला.

चौकातला मिस्तरी येऊन बॉनेटमध्ये वाकला. “खाला, इसमें अब दम नै रहा. भंगार में दे डालो.”

“मंग मला बी घाल भंगारात,” आत्या त्याला म्हणाली. “आधी कुणाला तोलतोस, बोल.”

बाबांनी मनाशी ठरवलेलंच होतं. त्याच रात्री जेवताना त्यांनी ते बोलून दाखवलं. “अक्का, आता पुरे. जमीन बटईनं देऊ, घराला कुलूप लावू. तू इथंच राहा.”

“माझं अद्रक जमिनीत हाय, दिनू.”

“अद्रक काढायला माणसं मिळतात. तिथं तू एकटी. पाय घसरून पडलीस तर कळणार कुणाला?”

“आन हितं पडले तर? सुनीता टीव्ही बंद करील तवा कळंल.”

आई हसली. बाबा हसले नाहीत. ते ताट बाजूला सारून म्हणाले, “ठीक आहे. रथसप्तमीपर्यंत ही गाडी तू स्वतः चालवत या गेटाबाहेर नेलीस तर खुशाल पिशोरला जा, मी अडवणार नाही. नाही जमलं, तर किल्ली माझ्या हातात द्यायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“लई झालं तेवढं,” आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या पोर्चमध्ये जुनी गोधडी अंथरली.

इंजिन उघडण्याआधी तिनं ते एकदा चालू करून पाहिलं. पेचकस दातांत धरून बराच वेळ उभी राहिली. मग पदरानं मूठ पुसून ती माझ्यापुढे केली. “तू धर. कानाला लाव. शिक जरा.” मी लावला. डिझेलच्या खडखडाटाखाली एक जड ठोका होता, बंद दारावर कुणी आतून मूठ मारावी तसा. पेचकसाचं टोक ती एकेका जागी सरकवत गेली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारत गेली. “हितं? आन हितं?” दुसऱ्या जागी ठोका सगळ्यात मोठा होता. मी बोटानं दाखवलं. तिनं मास्तरानं उत्तर तपासावं तशी मान हलवली. मला फार बरं वाटलं. आत्या मला काही तरी शिकवते आहे, असं मी समजत होते.

तो हिवाळा घरात डिझेलचा आणि बाजरीच्या भाकरीचा वास घेऊन राहायला आला. पोर्चमध्ये ऊन उशिरा पोचतं. तोवर आत्या गेटाच्या कोपऱ्यात पुठ्ठे आणि काटक्या पेटवून हात शेकायची, गूळ घातलेला कोरा चहा प्यायची आणि मग गाडीखाली शिरायची. कानांवरून मफलर घट्ट बांधलेला असायचा. बाबा कानटोपीत, आई शालीत, सगळंच घर कान झाकून वावरत होतं. एका हाकेत कुणी ओ दिली नाही तरी कुणाला त्याचं नवल वाटत नव्हतं. मी कामातून सुट्टी मिळेल तेव्हा बाहेर येऊन पाने द्यायचे. चुकीचा दिला की खालून आवाज यायचा, “अगं हा पाना हाय, चमचा नाय! नटाकडं बघ, मंग उचल.” तिचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायचा. गावाकडची माणसं मोठ्यानं बोलतात, असं आई शेजारणींना समजावून सांगायची.

एका दुपारी ती खालून ऑइलचं चेंबर उतरवून आतले नट सोडवत होती. गाडी जॅकवर उचललेली आणि खाली विटांचे थर लावलेले. मी नेहमीसारखी चाकापाशी बसले होते, आणि मला एक बारीक करकर ऐकू आली. जॅक फरशीवर कणाकणानं सरकत होता.

“आत्या,” मी म्हणाले. खाली तिचा हात चालूच होता.

“आत्या, बाहेर ये.”

वरची वीट कोपऱ्यातून तडकली. मला ओरडायचं होतं. ते जमलं नाही. मी तिचे दोन्ही पाय घोट्यापाशी धरले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून मागे ओढले. ज्या पोत्यावर ती निजली होती त्या पोत्यासकट ती फरशीवरून बाहेर घसरली. जॅक कलंडला. गाडी दणकन विटांवर बसली, आणि जिथं आत्याचा खांदा होता तिथं एका विटेचा चुरा पसरला.

ती उठून बसली. आधी विटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पाय कामून ओढायलीस? हाक मारायची ना.”

“मारली.”

ती माझ्या ओठांकडे पाहत होती. “कवा?”

“दोनदा मारली, आत्या.”

तिनं मफलर सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. मग बाकीच्या विटा नीट रचायला लागली. मी तिथंच बसून राहिले आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. कुलकर्णीकाकूंचा टोमणा. घाटातले ठोके. पेचकस दातांतून काढून माझ्या कानाला दिला, तो धडा. दातांनाही आता पूर्वीसारखं पोचत नसणार. तिला शिकवायचं नव्हतंच. तिला विचारायचं होतं.

संध्याकाळी ती शेकोटीपाशी बसली होती. मी चहा नेऊन दिला तेव्हा तिनं मला समोर बसवलं, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं.

“पोरी, दिनूला बोलू नको.”

“आपण डॉक्टरांकडे जाऊ या ना.”

“जाऊ. कानात मशीन बी घालू. पण आधी गाडी गेटाच्या भाईर. आत्ता कळलं तर दिनू म्हणंल, अक्का बहिरी झाली, बसवा घरात. त्याची माया हाय, म्हणून तर भ्या वाटतं. मायेनं बसवलेलं माणूस उठत नाय पुन्हा.”

मी मान हलवली.

“मान नको. तोंडानं बोल.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी तिच्या बुटावर टिचकी मारून बोलू लागले. एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. घरच्यांना वाटलं, आमची गट्टी जमली. गट्टी होतीच, पण मला रोज पहारा द्यावा लागायचा. बाबा मागून तिच्याशी बोलायला लागले की मी मध्ये काही तरी पाडायचे, किंवा तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे, म्हणजे ती माझ्याकडे बघून वळेल. कुणासाठी एवढं सावध राहायची मला सवय नव्हती. सावध मी नेहमीच होते, पण ते स्वतःसाठी.

इंजिनाच्या पोटात पिस्टनच्या दांड्या असतात. प्रत्येक दांडी खालच्या फिरत्या दांड्याला जिथं धरते, तिथं एक अर्धगोल लोखंडी टोपी बसते. आत्यानं मला समजावलं होतं, की ज्या दांडीची जी टोपी, ती तिलाच लागते. अदलाबदल झाली तर बसायला बसते, पण आतली गोलाई बिघडते, ठोका येतो, आणि चढावर जोर पडला की इंजिन जागेवर आवळून जातं. त्यामुळे टोप्या काढताना तिनं त्यांच्यावर खुणा केल्या. आईच्या देवघरातून चिमूटभर कुंकू आणलं, तेलात कालवलं आणि बोटानं ठिपके दिले, पहिलीला एक, दुसरीला दोन, असे. मी बघतच राहिले तेव्हा म्हणाली, “मला लावायला बंदी हाय. इंजनला नाय.”

रथसप्तमी जवळ आली तसं आईचं हळदीकुंकूही जवळ आलं. त्या दुपारी आत्या नवी बेरिंगं आणायला गेली होती आणि मी आत मीटिंगमध्ये होते. बायका यायच्या आधी पोर्च मोकळा करायला म्हणून आईनं सुटे भाग मांडलेली गोधडी आवरायला घेतली, आणि तिला तेलकट लोखंडावर कुंकू दिसलं. मी बाहेर आले तोवर तिनं सगळ्या टोप्या रॉकेलमध्ये धुऊन, बाबांच्या जुन्या बनियननं पुसून, लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या.

“आई, कुंकू कुठंय त्याच्यावरचं?”

“पुसलं. बायका येणार, बघणार. अक्कांनाच नावं ठेवतील गं. मला ते नको होतं.” तिच्या हातांना रॉकेलचा वास येत होता आणि नखं काळी झाली होती. मनापासून घासलं होतं तिनं.

आत्या आली. तिनं डबा उघडला. एकेक टोपी उचलून उजेडात फिरवली.

“किती चिकट झालं होतं हो,” आई तिच्यासमोर येऊन म्हणाली. “सगळं लख्ख केलं.”

आत्यानं आईकडे पाहिलं, आईच्या नखांकडे पाहिलं. “लख्ख केलंस, खरं हाय,” ती म्हणाली. ज्या बाईनं भंगारवाल्यापासून सरपंचापर्यंत कुणाला सोडलं नाही, ती डबा उचलून मागच्या खोलीत गेली.

पुढच्या खोलीत तिळगूळ आणि हसणं चाललं होतं. मी वाटी घेऊन मागे गेले तेव्हा आत्या डबा मांडीवर घेऊन बसली होती. डोळे मिटून टोपीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवत होती, जिथं वर्षानुवर्षांची झीज असते.

“हिचं कळलं. हिचं बी. ह्या दोघींचंच कळंना.”

“मूळचे आकडे नाहीत का त्यांच्यावर?”

“तुझ्या मामानं कवाच घासून टाकल्यात.”

“मग आता?”

“लावून बघू. चुकलं असंल तर ठोका येतो. ऐकलं की कळतं.”

बोलून झाल्यावर तिनं हातातली टोपी डब्यात ठेवली. समोरच्या खोलीत कुणी तरी उखाणा घेतला आणि बायका खिदळल्या. आत्यानं वाटीतला एक लाडू उचलला आणि बराच वेळ तसाच हातात धरून ठेवला.

इंजिन जोडून झालं तेव्हा रथसप्तमी दुसऱ्या दिवसावर आली होती. आत्यानं खालून ते हातानं फिरवून पाहिलं. “जरा जड जायलंय,” म्हणाली, आणि लगेच पुढे, “थंडीनं. नवं ऑइल थंडीत दाट ऱ्हातं.” ती इतक्या घाईनं कधी कारण देत नसे. तिनं मला बेत सांगितला. सकाळी घर उठायच्या आधी इंजिन चालू करायचं आणि मी पेचकस कानाला लावायचा. बरोबर असेल तर तिच्या हातावर दोन टिचक्या, चुकलं असेल तर एक. चुकलंच तर पुन्हा खोलायला अख्खा दिवस हातात होता. आणि बरोबर असेल तर थांबायचंच नाही, सरळ पिशोर. तिची पिशवी मागच्या सीटवर जाऊनही बसली होती.

पण थंडीनं बॅटरी उतरली. किल्ली फिरवली की नुसती कण्हायची. तिसऱ्या प्रयत्नाला बाबा जागे झाले, स्वेटर घालत बाहेर आले आणि त्यांनी स्वतःच्या गाडीची बॅटरी जोडून दिली. मग आई आरतीचं ताट घेऊन आली. गेटाशी कुलकर्णीकाकू आणि आणखी दोघंतिघं जमली. बाबांच्या हातात नारळ होता. त्यांचा चेहरा मला नीट वाचता येईना. ते हरायला तयार होते, आणि हरण्याचा त्यांना थोडा आनंदही होत होता असं वाटलं. आई काचेपाशी जाऊन हळू म्हणाली, “अक्का, गाडीला कुंकू तुम्हीच लावा ना.” आत्या समोर पाहत होती. आई क्षणभर थांबली, आणि ओशाळून स्वतःच बॉनेटवर बोट टेकवलं.

इंजिन चालू झालं. पांढऱ्या धुरानं पोर्च भरून गेला. काकूंनी टाळ्या वाजवल्या. “मानलं बाई तुम्हाला!”

आणि त्या खडखडाटाखाली मला तो ऐकू आला. बंद दारावर आतून मूठ.

“काही तरी वाजतंय का?” आई म्हणाली.

“थंडीत डिझेल असंच वाजतं,” बाबा म्हणाले. त्यांनी नारळ फोडला.

आत्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. ती विचारत होती. तेवढ्यात बाबा आमच्या मध्ये आले, नारळाचं पाणी चाकांवर शिंपडत. ते बाजूला झाले तोवर आत्यानं मान मागे वळवली होती आणि गाडी मागे सरकू लागली होती. माझ्या हातात पेचकस होता. तिचा बूट माझ्या टिचकीपासून पार लांब, लोखंडाच्या आत होता. मी काचेवर चापट मारली. ती मागचा रस्ता पाहत होती. गेट ओलांडलं की ती जिंकणार होती. मग ती कुणासाठी थांबली नसती, आणि पुढे खुलताबादचा घाट होता. मी ओरडले तर सगळ्यांना कळणार होतं, आणि मी तोंडानं शब्द दिला होता.

“आत्या! बंद कर! ठोका येतोय!”

तो आवाज माझा होता, हे मला नंतर समजलं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. गाडी थांबली. मागची चाकं गेटाच्या रुळापलीकडे आणि पुढची आमच्या पोर्चमध्ये.

आत्या उतरली. इंजिन चालूच होतं. तिनं बॉनेट उघडलं, माझ्या हातून पेचकस घेतला, टोक टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले. सगळे बघत होते आणि ठोका आता सगळ्यांना ऐकू येत होता. तिनं मूठ आणखी घट्ट धरली. जबड्याच्या शिरा ताठ झाल्या. मग तिनं डोळे उघडले, हात आत घालून इंजिन बंद करायची तार ओढली.

एकदम शांत झालं.

“अक्का,” बाबा म्हणाले, “एवढा आवाज. तुला ऐकू आला नाही?”

ती त्यांच्या ओठांकडे पाहत होती. बाबांनाही ते त्या क्षणी दिसलं. “घाटात पण?” त्यांनी विचारलं, पुष्कळ हळू, आणि त्याचंही उत्तर त्यांना मिळालं. आईनं तोंडावर हात धरला होता.

आत्या माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ती मला जे बोलेल ते मी जन्मभर विसरणार नाही. ते खरंही ठरलं. “एवढा आवाज होता व्हय तुझ्यात?” ती म्हणाली. “इतके दिस कुठं ठिवला होता?” मग बाबांना, “मागची चाकं तर गेली की भाईर, दिनू.”

कुणी हसलं नाही. बाबांचे डोळे भरले होते. त्यांनी हात पुढे केला. “किल्ली दे, अक्का. आपलं ठरलं होतं.”

तिनं काही वाद घातला नाही. किल्ली मुठीत होती. मूठ हळूहळू उघडायला लागली. तळहातावर तेलाचे काळे डाग होते आणि बोटाच्या टोकावर, नखाच्या कडेला, थोडं जुनं कुंकू राहिलं होतं.

मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. आत्याला माझं तोंड दिसेल अशी वळले, आणि बाबांना, आईला, गेटापाशी उभ्या असलेल्या कुलकर्णीकाकूंनासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “किल्ली तिच्याकडेच राहू द्या, बाबा. दोन टोप्या अदलाबदल झाल्यात, आम्ही आजच इंजिन परत खोलतोय. गाडी आत्या चालवेल. शेजारी मी बसेन. ऐकायचं काम माझं.”